बाराव्या पानापाशी थांबलेली मशीन

मामा, तुम्ही गेलात त्या दिवसापासून मी मशीन बंद केली नव्हती.

लाकूड कापणं थांबलेलं होतं, पण वीज चालू होती, लॅपटॉप चालू होता आणि त्याच्या पडद्यावर तुम्ही दाबलेलं 'थांबा' तसंच होतं. मोटारींचा बारीक गुणगुणता आवाज मागच्या पत्र्याच्या शेडमधून बारा दिवस येत राहिला. घरात माणसं येत होती, बसत होती, तुमच्याबद्दल बोलत होती. मी सगळ्यांना पाणी दिलं, चहा दिला, सतरंज्या झटकल्या. रडले नाही. एक बाई मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, "सासराच की. सुनेला काय एवढं?" मला राग यायला हवा होता. आला नाही. मी कप गोळा केले आणि विसळायला नेले.

आणि आता हे सगळं मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणून सरळ तोंडावर सांगतेय, याचंच मला नवल वाटतंय. एवढ्या वर्षांत आपण असं बोललोच कुठे?

बिलोलीकडच्या आपल्या गावात सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही. नांदेडला येऊन तुमचा जन्म गेला, पण तेवढं तुम्ही सोडलं नाहीत. "च्या झाला का म्हणावं." कुणाला म्हणावं? सासूबाई, म्हणजे आत्याबाई, असल्या तर त्यांना, संजय असला तर त्याला, आणि कुणीच नसलं तर दाराच्या चौकटीला. मी लातूरची, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली, माहेरी तोंडाळ म्हणून नाव कमावलेली. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी संजयला म्हटलं होतं, "तुझे वडील माझ्याशी बोलत नाहीत की भिंतीशी बोलतात?" तो म्हणाला, "भिंतीशी बोलले तर समज तुझ्यावर खूश हायेत." मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि भिंतीच्या बाजूनं उत्तरं द्यायला शिकले.

मग तुमच्या उजव्या हाताला कापरं भरलं. आधी चहाची बशी वाजायला लागली. मग उमरीच्या एका गिऱ्हाइकाच्या दारावर वेल कोरताना पटाशी सटकली आणि पानाच्या मधोमध खड्डा पडला. तुम्ही ते दार पुरं करून दिलंत, त्या पानाच्या जागी फूल काढलंत, गिऱ्हाइकाला कळलंही नाही. पण घरी आल्यावर सगळ्या पटाश्या तेलाच्या फडक्यात गुंडाळल्यात, पेटीत ठेवल्यात आणि ओट्यावर जाऊन बसलात. दोन महिने बसलात. ज्या माणसाच्या कानावर कायम पेन्सिल असायची त्याचा कान रिकामा बघवत नव्हता.

मशीनचं मीच काढलं, तेही संजयमार्फत. घरच्या घरी बनवता येते, लोक बनवतात, संगणकावर चित्र काढायचं आणि मशीन ते लाकडात कोरते, एवढं त्यानं तुम्हाला सांगितलं. तुम्ही ओट्यावरूनच म्हणालात, "मशीन काय येल काढती व्हय? खुळ्यासारखं बोलून राहिला." पण तिसऱ्या दिवशी शेडमधला पसारा एका कडेला सारून ठेवलेला दिसला.

सुरुवातच भांडणानं झाली. मला सांगाडा ॲल्युमिनियमचा हवा होता. तुम्ही देगलूरच्या एका जुन्या घराच्या चौकटी काढल्यात आणि म्हणालात, त्याचाच करायचा. मी संजयला म्हटलं, लाकूड पावसाळ्यात फुगतं, माप चुकेल. तुम्ही संजयला म्हणालात, "सागवान हाय त्ये. फुगून फुगून दमलंय आता." बिचारा संजय दोघांच्या मधे टपाल वाहत होता. शेवटी तो वैतागून म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा," आणि कामावर निघून गेला. सांगाडा सागवानाचाच झाला.

मशीनचा हात सरकायला तुम्ही ड्रॉवरचे चॅनल लावलेत. आयुष्यभर कपाटांना लावले, इथेही चालतील, असा हिशोब. मी नको म्हटलं होतं, पण मला तरी कुठे ठाम ठाऊक होतं? आम्ही डिप्लोमाला मशीनी पाहिल्या होत्या, बनवल्या नव्हत्या. बिटच्या, म्हणजे कोरायच्या पात्याच्या, जागी पेन बांधून पहिल्यांदा गोल काढायला सांगितला तर बटाटा आला. मी कपाळाला हात लावला. तुम्ही बटाट्याकडे बराच वेळ बघितलंत. शेडमध्ये तिसरं माणूस नव्हतं, भिंत लांब होती. मग तुम्ही मशीनकडे तोंड केलंत आणि म्हणालात, "तिला म्हणावं, चॅनल काढून टाक. माझंच चुकलं."

मी पण मशीनकडेच तोंड केलं. "मामांना म्हणावं, काढते."

तेव्हापासून आपण मशीनमार्फत बोललो. घरात अजूनही चौकट आणि भिंतच होती, पण शेडमध्ये मशीन होती. तिच्यामार्फत आपण जेवढं बोललो तेवढं मी माझ्या वडिलांशीसुद्धा बोलले नसेन.

मला ते बिटचं आठवतंय. बारीक बिटची जाडी संगणकात भरायची होती, ३.१७५ मिलिमीटर. असला आडनिडा आकडा कशाला, सरळ तीन का नाही, असं मी स्वतःशीच पुटपुटत होते. तुम्ही ते बिट दोन बोटांत धरलंत, डोळ्यापाशी नेलंत. "मशीनला म्हणावं, एक सूत हाय हे. इंचात आठ." मी मोबाईलवर भागाकार केला. २५.४ भागिले ८. एका टिकलीचाही फरक नव्हता. तुम्ही हसलात. माझ्यासमोर मोकळं हसलात असं ते पहिल्यांदाच. मग दिवसभर उगाचच आत-बाहेर करत होतात आणि आत्याबाईंना सांगत होतात, "अमेरिकेची बिटं बी सुतातच हायत."

चुका दोघांनी सारख्याच केल्या. तुम्ही वर-खाली करणाऱ्या आट्यांच्या गजाला खोबरेल लावलंत, भुसा त्याला चिकटून पिठल्यासारखा लगदा झाला आणि मशीन जागच्या जागी कण्हायला लागली. मी एका मोटारीच्या तारा उलट्या जोडल्या आणि तुमची वेल आरशात बघितल्यासारखी उलटी निघाली. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही म्हणालात, "रडायचं काय त्यात? दोन फळ्यांच्या दाराला एक उलटी लागतीच की." आणि ती फळी खरंच एका दाराच्या डाव्या बाजूला लावून दिलीत. इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पुस्तकात चुकीचा असा उपयोग लिहिलेला नाही.

पण दोन वाद मिटले नाहीत. एक पानांचा. तुमच्या हातच्या जुन्या दारावरून मी वेल संगणकात उतरवून घेत होते. एक पान उतरवलं की त्याचीच नक्कल सगळीकडे लावायची, काम झटपट. तुम्ही पडद्यावर बोट ठेवून म्हणायचात, "हे पान अन् हे पान एकच हाय." मी म्हणायचे, कुणाला कळतंय? तुम्ही म्हणायचात, "झाडाला कळतंय." तुमच्या दारावरची कुठलीही दोन पानं एकसारखी नाहीत हे मला तेव्हा माहीत होतं, तरी मी हट्ट सोडला नाही. का सोडला नाही, आता सांगता येत नाही.

दुसरा वाद शून्याचा.

आपल्या मशीनला डोळे नाहीत, मामा, हे मी तुम्हाला शंभरदा सांगितलं. काम सुरू करताना बिट फळीच्या कोपऱ्यावर आणून 'हे तुझं शून्य' असं तिला सांगायचं, मग ती तिथून पावलं मोजत राहते. वीज गेली की मोटारी सैल पडतात. त्यात कुणी तिचा हात ढकलला की मोजणी गेली. अर्धी कोरलेली फळी मग वायाच. म्हणून मला तिच्या कोपऱ्यात बटणं बसवायची होती. त्यांना टेकून ती आपलं घर आपण शोधते. तुम्ही मात्र दर वेळी कानावरची पेन्सिल काढून, जिभेला लावून, फळीच्या कोपऱ्यात आडवी-उभी रेघ मारायचात. मी हसायचे. "मामांना म्हणावं, मशीनला रेघ दिसत नाही." तुम्ही म्हणायचात, "मशीनला नसंल. मला दिसती की."

बटणं आणून ठेवली होती. पुडी फोडली नव्हती. लातूरहून आल्यावर बसवू, असं मीच म्हटलं होतं.

लातूरला मी धाकट्या बहिणीच्या डोहाळजेवणाला गेले होते. तिच्या बाळासाठी पाळणा आपण करायचा ठरवला होता, उशाकडच्या फळीवर चौदा पानांची वेल. सगळं संगणकात तयार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरून फोन आला. फोन आत्याबाईंच्या हातात होता, मागून तुमचा आवाज येत होता. "तिला म्हणावं, पाळण्याची फळी लावून राहिलो." इकडे ओटीची घाई, हिरव्या बांगड्या मिळत नव्हत्या, पाहुण्या खोळंबल्या होत्या. मला एकदम भीती वाटली. तुमच्या हाताला कापरं, मशीनला बटणं नाहीत, शेडमध्ये तुम्ही एकटे. मी ओरडलेच. "मामांना म्हणावं, मी येईपर्यंत हात लावू नका." आणि फोन ठेवला.

सुताराला म्हटलं, हात लावू नका. तेच शेवटचं.

दुपारी संजयचा फोन आला. लातूर ते नांदेड एसटीत मी खिडकीला बसून होते आणि बाहेर काय होतं ते मला आठवत नाही. तिकीट मुठीत धरलेलं होतं, एवढं आठवतं, कारण उतरताना ते ओलं झालेलं होतं.

आत्याबाईंनी नंतर सांगितलं. तुमच्या छातीत कळ आली तेव्हा त्या दारात उभ्या होत्या, चहा घेऊन. तुम्ही डाव्या हातानं मशीनचं टेबल धरलंत. त्या घाबरल्या, पुढे झाल्या, तर तुम्ही त्यांना हातानं थांबवलंत. जरा वेळ तसेच उभे राहिलात. मग लॅपटॉपवरचं बटण दाबलंत, कोरायची मोटार बंद केलीत आणि म्हणालात, "पाणी दे." पाणी आणेपर्यंत तुम्ही बाजेवर बसलेले होतात. त्यांच्या हातून दोन घोट प्यालात.

जरा वेळ का थांबलात, ते मला मशीन बघितल्यावर कळलं. अकरा पानं पुरी होती. बिट लाकडाच्या वर उचललेलं होतं, अकराव्यावरून बाराव्याकडे जाताना. पान पुरं होईपर्यंत तुम्ही थांबलात. छातीत तसं होत असताना. मामा, कुणी सांगितलं होतं? एका पानानं काय झालं असतं?

हे मी तुम्हाला रागानं विचारतेय. बारा दिवसांत मला आलेला एवढा एकच राग.

तर म्हणून मी मशीन बंद केली नाही. बंद केली की तुमचं शून्य जाणार होतं. मोटारी तापत होत्या, हात लावला की चटका बसायचा. संजय दोनदा म्हणाला, "बंद कर गं, आग लागंल." मी पंखा आणून लावला. त्याला वाटलं असेल माझं डोकं फिरलंय. वीज जायची तेव्हा इन्व्हर्टर होता. पंखा लावल्यानंतर मी फळीपाशी जात मात्र नव्हते. दारातून आवाज ऐकायचे आणि परत फिरायचे. पुढची तीन पानं कापून टाकणं माझ्या हातात होतं, एक बटण दाबायचं होतं. दाबवत नव्हतं. ती फळी पुरी झाली की तुमचं काही चालू राहिलेलं उरणार नव्हतं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी सकाळीच वीज गेली. तारांचं काम होतं म्हणे, संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. दुपारी इन्व्हर्टरनं टूं टूं केलं आणि बसला. मी तेव्हा स्वयंपाकघरात डाळ निवडत होते. आवाज थांबल्याचं मला लगेच कळलं. उठले नाही. निवडत राहिले. मोटारी सैल पडल्या तरी कुणी हात लावला नाही तर मशीन होती तिथेच राहणार, असं मी मनाला सांगितलं.

संध्याकाळी शेडमध्ये गेले तर सगळं लख्ख. उद्या पाहुणे येणार म्हणून आत्याबाईंनी झाडून काढलं होतं. मशीनही पुसली होती. पुसताना मधे येणारा तिचा हात त्यांनी पार पलीकडे ढकलून ठेवला होता, आणि फळीवरचा भुसा ओल्या फडक्यानं टिपून घेतला होता.

मी तिथेच खाली बसले. आत्याबाई म्हणाल्या, "काय झालं गं? त्यांची मशीन हाय, म्हणून पुसली मी. इतके दिस कुणी फडकं मारलं न्हाई तिला."

त्यांना काय सांगणार होते? नवरा गेलेली बाई, बारा दिवसांत पहिल्यांदा आपल्या हातानं काहीतरी करत होती. मी म्हटलं, "काही नाही आत्याबाई. शून्य गेलं फक्त."

"कसलं शून्य?"

मी सांगितलं. मशीन कुठून मोजते, आता तिला आठवणार नाही, फळी अर्धीच राहणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर तोंडाला लावला. "अगं माय, मी इसरूनच गेले बघ. तू फोन ठिवलास न्हाई का त्या दिवशी, हात लावू नका म्हणून? हसले ते. अन् मला म्हणले, 'तिला म्हणावं, रेघ मारून ठिवली हाय. घाबरू नको म्हणावं.' मी मंग फोन लावणार व्हते. तेवढ्यात दूधवाला आला. अन् मंग..."

मग काय ते दोघींनाही माहीत होतं.

बारा दिवस तुमचा निरोप त्यांच्यापाशी पडून होता, मामा. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्याच्या हाती बोलणं पाठवलंत आणि शेवटचंच पोचायचं राहिलं. मी उठून फळीपाशी गेले. कोपऱ्यात भुसा पुसलेल्या जागी, तुमच्या त्या चपट्या पेन्सिलीची आडवी-उभी रेघ होती. आडवी जरा वाकडी, हात कापत असणार. उभी सरळ होती.

तेव्हा मला रडू आलं. आत्याबाईंना धरून. उशिरा आलं आणि बेतानं आलं नाही.

काल तेरावा झाला. आज सकाळी पाहुणे आपापल्या गावी गेले, संजय कामावर गेला, तशी मी शेडमध्ये आले. बिट हातानं आणून तुमच्या रेघांच्या फुलीवर टेकवलं. उंचीचं शून्य धरायला बिटखाली पातळ कागद लागतो. पर्समध्ये लातूरचं ते तिकीट होतं, चुरगळलेलं, तेच सपाट करून सरकवलं, आणि अडेपर्यंत बिट खाली घेतलं. संगणकातल्या कुठल्या ओळीपासून पुढे कापायचं तो आकडा मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवला होता. आत्याबाई दारात बाजेवर येऊन बसल्या.

बटण दाबायला मला वेळ लागला.

तीन पानं झाली. बारावं, तेरावं, चौदावं. तिन्ही आधीच्या अकरांसारखीच आहेत, मामा, नक्कल केलेली. तो वाद तुम्ही जिंकलात हे मला कबूल करावंच लागेल, कारण फळी पुरी झाल्यावर माझी नजर तिथेच जाते. आणि अकराव्या अन् बाराव्या पानाच्या मधे, देठावर, बारीकशी पायरी आलीय. तुमच्या रेघेची जाडी मशीनला कळली नाही, मलाही नीट धरता आली नाही. पाव सूतही नसेल. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. आत्याबाईंनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "घासून काढ की." मी नाही म्हटलं. पाळणा लातूरला असाच जाईल. बहिणीला मी जागा दाखवून ठेवीन.

मग मी मशीन बंद केली. आधी लॅपटॉप, मग मोटारी. आवाज थांबला. चहाची वेळ झाली होती, आत्याबाई उठून आत गेल्या. शेडमध्ये तिसरं माणूस नव्हतं, दुसरंही नव्हतं. मी डोक्यावरून पदर घेतला, मशीनकडे तोंड केलं आणि म्हणाले, "मामांना म्हणावं, रेघ दिसली."